एच-इंडेक्सच्या पलीकडे: न्यूरोसायन्समधला गाइड शोधणाऱ्या गोव्यातल्या मुलांसाठी

एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की ताळगावच्या पठारावरून, म्हणजे गोवा विद्यापीठातून, आणि झुआरीनगरच्या बिट्समधून एकाच साच्यातले मेसेज येऊ लागतात. ‘सर, ह्या मॅडमचा एच-इंडेक्स ३८ आहे. लॅब चांगली असेल ना?’ सोबत गूगल स्कॉलर या पेपर आणि सायटेशन मोजणाऱ्या मोफत सेवेचा स्क्रीनशॉट. सायटेशन म्हणजे एका पेपराचा दुसऱ्या पेपरात दिलेला संदर्भ; एच-इंडेक्स हा त्यांवरून काढलेला आकडा, तो कसा ते पुढे येईल. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) इंटर्नशिप करणारी मुलंही आता अधूनमधून विचारतात.

नुसत्या ३८ वरून मला काहीच सांगता येत नाही. पण ज्या यादीतून तो ३८ निघाला ती यादी नीट वाचली तर बरंच सांगता येतं, आणि ते वाचायला माझी गरज नाही. एका माणसामागे एक निवांत दुपार द्यायची तयारी हवी.

गोव्यातून न्यूरोसायन्स करायचं म्हणजे बहुतेकांना बाहेर पडावं लागतं. मुंबईला टीआयएफआर, बंगळूरला निम्हान्स, एनसीबीएस नाहीतर आयआयएससी, हरियाणात मानेसरला एनबीआरसी. काहीजण थेट परदेशी. तिथली माणसं आपल्या ओळखीची नसतात, त्यामुळे कुणाच्या तरी चुलत्याकडून चौकशी करायची आपली रीत तिथे उपयोगाची नाही. हाती असते ती पेपरांची यादी. पुढची पाच वर्षं तिच्या भरवशावर ठरणार असतील तर ती वाचायला शिकलेलं बरं. पाहुण्याला एका व्याख्यानाला बोलवायचं असेल तर एवढं खोदू नका; पहिल्या दोन पायऱ्या पुरेत.

१. आधी माणूस पक्का करा

हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि गोव्याच्या नावांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रोमन लिपीत ‘देसाई’ कधी एका एसने लिहितात, कधी दोन. ‘नाईक’ची दोन-तीन स्पेलिंगं चालू आहेत, शिवाय पोर्तुगीज काळातल्या कागदांवरचं क्यू-यू-ई असलेलं वेगळंच. ‘प्रभुदेसाई’ एक शब्द की दोन? ‘डिसोझा’त अपॉस्ट्रॉफी आहे, नाही, की मध्ये मोकळी जागा? माणसाला यातला फरक कळतो. संगणकाच्या लेखी ते दोन-तीन वेगवेगळे संशोधक असतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे आधीचे पेपर असेच गळतात. उलटही घडतं: एकाच नावाच्या दोघांचे पेपर एकाच खात्यात जमा होतात. गूगल स्कॉलर सुचवेल तो पेपर खात्यात आपोआप भरू द्यायची सोय आहे. पुष्कळ जण ती चालू ठेवतात आणि मग खात्याकडे फिरकत नाहीत. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागावर काम करणाऱ्याच्या यादीत मध्येच भाताच्या जमिनीतल्या जस्ताचा पेपर दिसला तर समजायचं.

म्हणून पहिलं काम: त्यांचा ऑर्किड क्रमांक शोधा. हा १६ अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट असतो, आणि एका माणसाला एकच असतो. बहुतेक जर्नलांच्या पेपरात लेखकाच्या नावाशेजारी छोटं हिरवं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की यादी उघडते. ती अपुरी असू शकते, कारण ती माणसाने स्वतः भरायची असते. भारतातल्या प्राध्यापकांसाठी इन्फ्लिबनेटचं ‘विद्वान’ हे दुसरं ठिकाण आहे.

मग पबमेड, वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या पेपरांची मोफत सूची. शोधपट्टीत आडनाव, पुढे आद्याक्षरं, आणि त्याला लागून चौकटी कंसात रोमन लिपीतली ए आणि यू ही अक्षरं टाका, म्हणजे फक्त लेखकांच्या नावांत शोध होतो. नाईक किंवा शर्मा असतील तर हजारो पेपर निघतील. अशा वेळी संस्थेचं किंवा शहराचं नाव जोडा आणि त्यामागे चौकटी कंसात ए आणि डी. संस्थेच्या नावाचे तेवढे सगळे प्रकार करून बघा. झुआरीनगरच्या बिट्सचे पेपर कधी ‘गोवा कॅम्पस’ म्हणून सापडतात, कधी नुसत्या पिलानीच्या नावावर.

२. आकडा लिहाल तिथे त्याचा स्रोत आणि तारीख लिहा

एकाच माणसाचे गूगल स्कॉलरवरचे आणि स्कोपस, वेब ऑफ सायन्स या वर्गणीच्या डेटाबेसांवरचे आकडे जुळत नाहीत. जुळायचं कारणही नाही. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधी मोकळे ठेवलेले पेपर), परिषदांचे कागद, पुस्तकांची प्रकरणं असं सगळं गोळा करतो, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमीच सर्वात मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडलेली जर्नलं धरतात, म्हणून तिथे कमी. त्यामुळे एका मॅडमचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्या सरांचा स्कोपसवरून घेऊन तुलना केली तर ती तुलनाच नव्हे. मानकुराद आंब्याचा भाव सांगताना आपण महिना सांगतो, मार्चचा की मेचा. तसं सायटेशनच्या प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहायची सवय लावा.

पैसे न भरता काय बघता येतं? गूगल स्कॉलर, पबमेड आणि २०२२ पासून ओपनॲलेक्स पूर्ण मोकळे आहेत. स्कोपसवर लेखकाचं साधं खातं वर्गणीशिवाय दिसतं. मूळ पेपर वाचायचे तर जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ चालू झालंय: सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं. गोवा विद्यापीठात किंवा गोमेकॉत असाल तर ग्रंथालयात जाऊन लॉगिनची चौकशी करा. ग्रंथपालांना भेटायचा कंटाळा करू नका, डेटाबेसांच्या खाचाखोचा त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

३. एच-इंडेक्स एकदा हाताने काढा

हा आकडा २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि वरून मोजत यायचं. समजा कुणाचे सात पेपर आहेत आणि त्यांना ६०, २२, ९, ६, ५, ३ आणि ० सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला ५ आहेत, म्हणजे निदान पाच पेपरांना प्रत्येकी निदान पाच. सहाव्याला फक्त ३. एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरचा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर, इथे ते दोनच. एकूण सायटेशन १०५.

आता पहिल्या पेपरला ६० च्या जागी ६,००० द्या. एच-इंडेक्स ५ च राहतो. हीच त्याची खुबी आणि हीच मर्यादा: एकाच पेपराच्या जोरावर तो फुगत नाही, आणि एकच जबरदस्त काम केलेला माणूस त्याला दिसत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर हात पसरून उभे असलेले. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री. संमोहन हे कुठल्या चुंबकी द्रवामुळे होत नाही, ते समोरच्याच्याच मनात घडतं, हे त्यांनी पॅरिसमध्ये ठामपणे मांडलं. १८१९ साली, मृत्यूच्याच वर्षी, पुस्तक आलं. एक पुस्तक, म्हणजे जगाने कितीही वेळा उल्लेख केला तरी एच-इंडेक्स जास्तीत जास्त १.

अजून दोन गोष्टी. एच-इंडेक्स कधी खाली येत नाही, त्यामुळे तो वयाबरोबर चढतोच. दहा वर्षांपूर्वी लॅब उघडलेल्या आणि निवृत्तीला आलेल्या माणसांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आणि न्यूरोसायन्स हा एकच विषय नव्हे. जागी, काम करणारी माकडं घेऊन एकेका न्यूरॉनच्या नोंदी करणाऱ्या लॅबमध्ये दोन प्राण्यांना शिकवण्यातच महिनोन्‌महिने जातात. एका पेपरामागे तीन-चार वर्षं गेली तर कुणी भुवई उंचावत नाही. मेंदूचे एमआरआय डेटासेट मोकळे उपलब्ध असल्यामुळे त्यांचं विश्लेषण करणारी लॅब तेवढ्यात सहज पाच-सहा पेपर काढते. संगणकी मॉडेलं करणाऱ्यांचं गणित वेगळं, रुग्णालयात बसून अपस्मारावर काम करणाऱ्यांचं वेगळं. तुलना करायचीच तर त्याच उपशाखेतल्या, साधारण त्याच वयाच्या माणसाशी करा.

हा फरक भरून काढणारे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या मोफत साधनात पबमेड क्रमांक टाकले की प्रत्येक पेपराचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. त्याच क्षेत्रातल्या एनआयएच-अनुदानित पेपरांच्या मध्यकाला १ धरून ते मोजतात. जीववैद्यकीय कामासाठी मला हे एच-इंडेक्सपेक्षा बरं वाटतं. मात्र ते एकेका पेपरासाठी वापरा, माणसासाठी नको.

दरवर्षी वर्तमानपत्रांत ‘स्टॅनफर्डच्या दोन टक्के यादीत गोव्याचे शास्त्रज्ञ’ अशी बातमी येते, तिच्याबद्दल इथेच सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाला बक्षीस देतं असं त्यात काही नसतं. तिथले जॉन योआनिदिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या आकड्यांवरून एक मिश्र गुणांक काढतात आणि यादी सर्वांसाठी खुली ठेवतात. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. बातमीत कुठली ते बहुधा लिहिलेलं नसतं. फाइल उघडून बघा, त्यात स्वतःच्याच पेपरांना दिलेल्या सायटेशनचं प्रमाणही दिलेलं असतं.

४. वही घ्या आणि यादीत त्यांची जागा बघा

इथपर्यंत सगळं स्क्रीनवर होतं. आता वही घ्या, नाहीतर एक्सेलची शीट, आणि रकाने आखा: वर्ष, विषय, पेपराचा प्रकार, लेखकांच्या ओळीत त्यांची जागा, सायटेशन. गेल्या दहा वर्षांचे पेपर भरा. ह्या कामाला दुपार लागते, आणि ती इथेच लागायला हवी.

न्यूरोसायन्समध्ये लेखकांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएच.डी.नंतरच्या संशोधकाचं). शेवटचं नाव ज्याच्या लॅबमध्ये काम झालं, ज्याने पैसा आणला आणि जो उत्तरदायी आहे त्याचं. मधली नावं साहाय्याची: कुणी उंदीर पुरवले, कुणी संख्याशास्त्र पाहिलं, कुणी मायक्रोस्कोप चालवला. दोन नावांवर तारा दिसला तर तळटीप वाचा, दोघांचा वाटा समान असेल. अलीकडे अनेक जर्नलं शेवटी कुणी काय केलं ते १४ ठरावीक भूमिकांत छापतात. ते दोन ओळींचं असतं आणि बाकी कशापेक्षाही बोलकं असतं.

मग चित्र दिसू लागतं. समजा कुणाला एकूण ९,००० सायटेशन आहेत आणि त्यांतली ७,००० अशा तीन पेपरांची आहेत जिथे शेकडो लेखकांत त्यांचं नाव कुठेतरी मध्ये आहे. जगभरच्या रोगभाराचे अहवाल, किंवा हजारो मेंदूंचे स्कॅन एकत्र करणारे एनिग्मासारखे संघ, यांत असं होतं. त्यात गैर काही नाही, ती कामं महत्त्वाची आहेत. पण तुम्ही त्या लॅबमध्ये गेलात तर ते काम करणार नाही आहात. तुम्ही करणार ते उरलेल्या २,००० मधलं. ते पेपर उघडा.

प्रकाराचा रकाना का, तर मूळ संशोधन, आढावा लेख, पद्धतीचा पेपर आणि रुग्ण-नोंद यांना सायटेशन मिळण्याच्या तऱ्हा पार निराळ्या आहेत. आढावा लेख सगळे उचलतात, कारण प्रस्तावनेत एकाच संदर्भात काम भागतं. पद्धतीच्या पेपराला तर सीमाच नाही. जगात सर्वाधिक उल्लेखलेला पेपर म्हणजे ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनं मोजायची एक रीत सांगणारा. तीन लाखांच्या वर सायटेशन. लोरी स्वतः आयुष्यभर मेंदूच्या सूक्ष्म रसायनशास्त्रावर काम करत होते आणि त्यातलं काहीही त्या आकड्याच्या आसपासही फिरकलं नाही. मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या कार्ल फ्रिस्टन यांचा एच-इंडेक्स दोनशेच्या वर आहे. त्यामागे त्यांचे सिद्धान्त आहेत तसंच एफएमआरआयचं (मेंदू काम करत असतानाच्या स्कॅनचं) विश्लेषण करणारं एसपीएम हे सॉफ्टवेअरही आहे, जे वापरणाऱ्या प्रत्येकाला संदर्भ द्यावाच लागतो. दुसऱ्या टोकाला बांबोळीतल्या एखाद्या न्यूरॉलॉजिस्टने दुर्मीळ रुग्णाची लिहिलेली दोन पानी नोंद. तिला चार सायटेशन मिळतील. तसाच रुग्ण समोर आलेल्या डॉक्टरला ती चार तासांत उपयोगी पडते, आणि तो डॉक्टर कुठे पेपर लिहायला बसत नाही.

लांबीवरूनही काही ठरवू नका. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच पेटणाऱ्या पेशी असतात हे जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये पाच पानांत सांगितलं. ओकीफना त्याचं नोबेल २०१४ मध्ये मिळालं.

वर्षांच्या रकान्यात मोकळी जागा दिसली तर लगेच नाक मुरडू नका. नवी लॅब उभारणं, कस्टम्समध्ये अडकलेलं उपकरण, प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची मंजुरी, बाळंतपण, कोविड. दोन वर्षांची पोकळी सगळ्यांच्या यादीत असते. चिंता करावी अशी गोष्ट वेगळी: शेवटचे लेखक म्हणून छापलेलं मूळ संशोधन पाच-सहा वर्षांपूर्वी थांबलंय आणि त्यानंतर नुसते आढावे आणि मधल्या जागा. तिथे प्रयोग चालू आहेत का, हे विचारून घ्या.

५. कोण उचलतंय, आणि कशासाठी

सगळ्यात रस इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथवर येतात. यादीतला एक चांगला पेपर निवडा, ‘साइटेड बाय’वर क्लिक करा, आणि निघालेल्यांतले दहा उघडून त्यात आपल्या पेपराचा उल्लेख नेमका कुठल्या वाक्यात आलाय ते शोधा. बहुतेक प्रस्तावनेत, पाच-सहा संदर्भांच्या झुबक्यात असतील. ते सोडून द्या. कुणी ती पद्धत वापरलीय? कुणी तो प्रयोग पुन्हा करून तोच निकाल मिळवलाय? कुणी ‘आम्हाला असं दिसलं नाही’ म्हटलंय? मोजणीत सगळ्यांचं वजन एक. शेवटच्या तीन प्रकारांतलं एकेक सायटेशन मला झुबक्यातल्या पन्नासांपेक्षा जास्त सांगतं.

सरावासाठी गोव्यातलंच उदाहरण घ्या. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी झाली, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेची मंडळी तीत होती, पेपर २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांमुळे नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढतं का, हा प्रश्न. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा पुरावा मिळाला नाही. हा पेपर उचलणारे दहा लेख काढा आणि निकालाचा दुसरा अर्धा भाग किती जण सांगतात ते स्वतः मोजा. विषय मनोविकारशास्त्राचा आहे, पण सायटेशन वाचायला शिकण्यासाठी इतकं जवळचं साहित्य दुसरं मिळणार नाही.

स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशनं थोडी असतातच, कालच्या कामावर आजचं उभं राहतं. स्कोपसवर ती वगळून आकडा पाहता येतो. निम्म्याहून जास्त गळाली तर थबका.

आणि मागे घेतलेले पेपर. मार्च २००६ मध्ये नेचरमध्ये एक पेपर आला: अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट गठ्ठा उंदरांची स्मृती बिघडवतो. अल्झायमरच्या संशोधनात तो अडीच हजारांच्या आसपास वेळा उल्लेखला गेला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांबद्दलच्या शंका सायन्स नियतकालिकाने उघड मांडल्या आणि जून २०२४ मध्ये, चित्रांत फेरफार झाल्याच्या कारणावरून, तो मागे घेतला गेला. अठरा वर्षं. ती सायटेशनं अजूनही सगळ्या लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये बसलेली आहेत, कारण डेटाबेस ती सहसा वजा करत नाहीत. त्यामुळे निवडलेल्या माणसाचं नाव मागे घेतलेल्या पेपरांच्या रिट्रॅक्शन वॉच यादीत, जी २०२३ पासून क्रॉसरेफकडून मोफत मिळते, आणि पबपिअरवर, जिथे छापलेल्या पेपरांबद्दल उघड शंका मांडल्या जातात, शोधा. एक पेपर मागे घेतलाय म्हणून माणूस बाद, असं नाही; स्वतःची चूक सापडल्यावर स्वतः पेपर मागे घेणाऱ्याकडे मी तर आनंदाने विद्यार्थी पाठवीन. कारण वाचा, सूचनेतच लिहिलेलं असतं.

लबाडी नसतानाही कच्चं काम खूप उचललं जातं. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांची सांख्यिकीय शक्ती, म्हणजे परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता, तपासली. मध्यक निघाला सुमारे २१ टक्के, जिथे ८० अपेक्षित धरतात. २०१६ मध्ये आन्देर्स एकलुंड यांच्या गटाने दाखवलं की एफएमआरआयच्या प्रचलित सॉफ्टवेअरांत काही रीती वापरल्या तर ५ टक्क्यांच्या जागी ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल येऊ शकतात. म्हणून यादीतले तीन पेपर तरी पद्धतीच्या विभागासकट वाचा. किती प्राणी, किती माणसं? संख्या आधी ठरवली होती का? डेटा आणि कोड कुठे ठेवलाय? तुम्ही निवडलेल्या माणसाच्या २०१६ नंतरच्या कामात नमुना वाढलाय का? वाढला असेल तर तो माणूस स्वतःच्या क्षेत्रातली टीका ऐकतो.

६. जर्नलांची नावं

इथे थोडक्यात. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलाचा आकडा आहे, माणसाचा नाही: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली एवढंच तो सांगतो, आणि ती सरासरी मूठभर लेख ओढून नेतात. तो नेमणुकांसाठी वापरू नये असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेपासून सांगितलं जातंय. तरी मुलाखतीत विचारतातच, तेव्हा तो काय मोजतो ते पाठ असू द्या.

नाव ओळखीचं नाही म्हणून जर्नल टाकाऊ ठरवू नका. एप्रिल २०२३ मध्ये न्यूरोइमेज या जर्नलाच्या सगळ्या संपादकांनी, लेखकांकडून घेतल्या जाणाऱ्या भरमसाट शुल्काच्या निषेधार्थ, राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसकडे इमेजिंग न्यूरोसायन्स हे नवं जर्नल काढलं. नव्या जर्नलाला सुरुवातीला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. संपादक तेच होते. ई-लाइफ या जर्नलाने पेपर स्वीकारणं-नाकारणं बंद करून परीक्षणं जाहीर छापायची पद्धत २०२३ मध्ये आणली आणि त्यापायी इम्पॅक्ट फॅक्टर गमावला.

उलट बाजूला, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं आहेत. यूजीसीची केअर ही मान्य जर्नलांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता पारखायचं आपल्यालाच. ‘पबमेडमध्ये आहे’ ही खात्री पुरेशी नाही, कारण पबमेडमध्ये मेडलाइन या पारखून निवडलेल्या जर्नलांच्या सूचीबाहेरचंही पुष्कळ येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलाचं नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनमध्ये आहे का ते बघा. खुल्या जर्नलांसाठी डीओएजे ही सूची बघा. संपादक मंडळातल्या दोघांची नावं शोधून त्यांच्या स्वतःच्या पानावर त्या जर्नलाचा उल्लेख आहे का हेही पाच मिनिटांत कळतं.

७. विद्यार्थ्यांचं काय झालं?

तुम्हाला खरं हवं असलेलं उत्तर हे आहे आणि ते कुठल्याही इंडेक्समध्ये नाही. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या खुल्या संग्रहात, गाइडच्या नावाने प्रबंध शोधा. गोवा विद्यापीठाचे प्रबंध त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतही मिळतात. केंद्रीय संस्थांचे तिथे नसतील तर लॅबच्या वेबसाइटवर ‘माजी सदस्य’ असं पान असतं. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव वहीत घ्या आणि वहीतल्या पहिल्या-लेखकाच्या रकान्याशी ताडून पाहा. नोंदणीपासून प्रबंधापर्यंत किती वर्षं? निदान एक पेपर पहिल्या नावाने? पेपर छापल्याशिवाय प्रबंध घ्यायचा नाही ही यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, त्यामुळे प्रबंध आहे पण पेपर नाही असं आता जास्त दिसेल. संस्थेचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. मध्येच गायब झालेली नावं किती? एखाद-दुसरं कुठेही असतं. तीन-चार असली तर त्यांतल्या एखाद्याला लिंक्डइनवर गाठून सभ्यपणे विचारा. फोनवर बोला, असल्या गोष्टी लोक लिहून देत नाहीत.

एच-इंडेक्स १४ आणि पाचही विद्यार्थी वेळेत, स्वतःच्या पेपरासह बाहेर पडलेले. एच-इंडेक्स ५५ आणि सात वर्षं रखडलेली मुलं. मला विचाराल तर मी १४ कडे जाईन. मोठ्या लॅबच्या नावाने पुढे पोस्टडॉक सोपी होते हेही खरं आहे, आणि ज्यांना परदेशी जायचंच आहे त्यांनी ते तोलून बघावं.

८. मेल

ह्या सगळ्या वाचनाचा लगेच होणारा उपयोग. ‘आदरणीय सर, आपल्या ६,००० सायटेशननी मी प्रभावित झालो’ अशी सुरुवात केलेले मेल दिवसाला दहा येतात आणि न वाचता पडून राहतात. त्याऐवजी वहीतला एक पेपर निवडा, शक्यतो शेवटच्या तीन वर्षांतला, शेवटच्या लेखकाचा. त्यातल्या एका आकृतीबद्दल तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न दोन वाक्यांत विचारा. मग तुम्ही कोण, कुठे शिकता, काय येतं: पायथन, स्लाइस रेकॉर्डिंग, इम्युनोस्टेनिंग, जे येत असेल ते, येत नाही ते लिहू नका. कधीपासून मोकळे आहात, नेट किंवा गेट झालंय का. एवढंच. दीडशे-दोनशे शब्द. नाव आणि हुद्दा दोनदा तपासा, मॅडमना ‘सर’ लिहून गेलेले मेल फार असतात. आठवडा-दीड आठवड्याने एकदा आठवण करा, त्यापुढे नको.

आणि पाठवायच्या आधी स्वतःचा ऑर्किड काढून ठेवा, पेपर नसला तरी. नोंदणी खासगी ईमेलवर करा, विद्यापीठाचा पत्ता कोर्स संपला की बंद होतो. नावाचं स्पेलिंग आजच ठरवा: देसाई एका एसने की दोन, आईचं किंवा वडिलांचं नाव मध्ये घ्यायचं की नाही, अपॉस्ट्रॉफी ठेवायची की काढायची. पासपोर्टवर जे आहे ते घेतलंत तर पुढे व्हिसाच्या आणि पेपरच्या कागदांवर एकच नाव राहील.